शकुनबाई, रोवणीची खाज नव्हती ती

शकुनबाई, तुमच्या तेरवीला सगळे गोड बोलले. सरपंच बोलले, आरोग्य केंद्रातून निवृत्त झालेले जुने साहेब बोलले, शाळेचे गुरुजी तर अर्धा तास बोलले. मग कुणीतरी जाहीर केलं, आता बाईंच्या हाताखाली तयार झालेल्या रंजना सिस्टर दोन शब्द बोलतील. मी माइकपर्यंत गेले, 'मला नाही जमणार' म्हणाले आणि परत येऊन खुर्चीवर बसले. लोकांना वाटलं, सिस्टरला भरून आलं. भरून कसलं येतंय, मला राग आवरत नव्हता. गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत म्हणतात. मांडवात मी ते पाळलं. इथे पाळणार नाही.

तुमच्या अंगावर शेवटचं पाणी मी घातलं. तुमची लेक वैशू आरमोरीहून यायची होती, शेजारणी पुढे व्हायला घाबरत होत्या. म्हणाल्या, 'सिस्टर, तुमाले सवय आहे, तुमीच घाला आंघोळ.' अंगणात चौघींनी साड्या ताणून आडोसा केला आणि त्या पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. भर दुपार होती. कोमट पाणी, हळद, तुमचा तो चंदनाचा साबण. जिच्यासमोर मी इतकी वर्षं खुर्चीवरसुद्धा विचारून बसायचे, तिचे पाय मी धुवायला बाजूला केले. मी काही पाहायला गेले नव्हते, बाई. दिसलं.

मांड्यांमधली कातडी पांढरीफटक पडलेली, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ. आतले ओठ झिजून बाजूच्या कातडीत मिसळून गेलेले. वाट इतकी आक्रसलेली की करंगळीही गेली नसती. खाजवल्याचे जुने, नवे व्रण. ही अवस्था एका वर्षात होत नाही, कितीतरी वर्षं लागतात. मला कुणाला विचारायची गरज नव्हती, कारण हाच आजार माझ्या अंगावर आहे. तुमच्या पायांवर तांब्या ओतता ओतता मला आधी रडू यायला हवं होतं. पण आधी मनात आलं ते हे, की तुम्हालाही होतं. तुम्हालाही होतं आणि तुम्ही मला रोवणीची खाज म्हणालात.

बाहेरच्या माणसाला हा शब्द कळायचा नाही. रोवणीच्या दिवसांत, म्हणजे धानाची रोपं लावताना, आपल्या बाया महिनाभर बांधीतल्या चिखलात ओणव्या असतात, ओली साडी अंगावरच वाळते, जांघेत खाज सुटते आणि धान कापायला येईपर्यंत जाते. इतपत खरं आहे. पण तुम्ही त्या एका शब्दाच्या पोत्यात सगळंच कोंबलं. बुरशी झाली, रोवणीची खाज. साखर वाढली म्हणून खाज, रोवणीची खाज. फिटकरीच्या पाण्याने धुऊन धुऊन आग झाली, तीही रोवणीचीच. एखादी भर उन्हाळ्यात आली तर म्हणायचात, 'मागच्या रोवणीची राह्यली असन.' रांगेतल्या बायका हसायच्या, तीही हसायची आणि घरी जायची.

केंद्रात नर्स म्हणून तुम्ही करायचात ती तपासणी दारातच व्हायची. 'पांढरं जाते?' 'जाते.' सरकारी गोळ्यांचं हिरवं पाकीट. 'खाजवते?' 'हो बाई.' हिरवं पाकीट आणि एक ट्यूब. मान वर नाही, की आत ये म्हणणं नाही. चेहरा पाहूनच रोग कळतो, असं तुम्ही मिरवायचात. पाकिटातल्या गोळ्यांनी पुष्कळ जणींना बरंही वाटायचं, ते मी नाकारत नाही. पण जिला वाटायचं नाही, तिला दुसऱ्यांदा तेच पाकीट. तिसऱ्यांदा नवऱ्यालाही पाकीट, म्हणजे घरात संशयाचं भांडण वेगळं. आणि चौथ्यांदा आली की, 'तुया मनाचा खेळ आहे, भजनाले जात जा.' वरून साहेब लोक कौतुक करायचे, शकुनबाईंच्या ओपीडीत गर्दी म्हणून होत नाही.

माझी खाज सुरू झाली तेव्हा मी चौतीस वर्षांची होते. तुम्हालाच सांगितलं, दुसरं कोण होतं मला? तुम्ही रजिस्टरमधून डोकं न काढता म्हणालात, 'रोवणीची खाज आहे.' मी म्हटलं, बाई, मी लग्न झाल्यापासून बांधीत पाय ठेवला नाही. तर म्हणे, 'पाय नसन ठेवला, रक्तात तं आहे ना रोवणी!' आपण दोघी हसलो. मी पाकीट घेतलं. पुढची आठ वर्षं मी तुमचं ऐकलं. नर्स असून ऐकलं, याची लाज मला वेगळी वाटते. कातडीला भेगा पडायच्या, लघवीला गेलं की जीव कळवळायचा. खुर्चीच्या कडेवर एका बाजूला बसायची सवय लागली. माझा नवरा भला माणूस. तो हळूहळू पडवीत झोपायला लागला आणि त्याला वाटत राहिलं की मला तो नकोसा झालाय. मी त्याला खरं कारण सांगितलं नाही, कारण मलाच कारण माहीत नव्हतं.

मग ग्रामीण रुग्णालयात नव्या डॉक्टर मॅडम आल्या. मी एका बाळंतिणीला घेऊन गेले होते. मॅडमचं लक्ष बाळंतिणीवरून माझ्यावर आलं. 'सिस्टर, तुम्ही अशा का बसता?' मी उडवून लावलं. त्यांनी सोडलं नाही. दाराला कडी लावली, अंगावर चादर दिली, विचारलं, 'पाहू का? नको म्हणालात तर नाही पाहणार.' मग दिवा जवळ ओढला आणि पाहिलं. पाच मिनिटं लागली, शकुनबाई. आठ वर्षांच्या त्रासाला पाच मिनिटं.

'हे इन्फेक्शन नाही,' त्या म्हणाल्या. 'कुणाकडून लागलेलं नाही, तुमच्यापासून कुणाला लागणार नाही.' लायकेन स्क्लेरोसस असं नाव त्यांनी कागदावर लिहून दिलं. शरीर आपल्याच कातडीवर उलटतं म्हणाल्या, कधीकधी एकाच घरातल्या दोघी-तिघींना असतं. एक जागा जाड वाटली म्हणून तिथला बारीक तुकडा तपासायला पाठवला, तो चांगला निघाला. एक जोरकस मलम दिलं. बोटाच्या पेराएवढं घ्यायचं, महिनाभर रोज, मग एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा, आणि ते सोडायचं नाही. साबण बंद, फिटकरी बंद. हातात आरसा देऊन कुठे लावायचं ते दाखवलं. बेचाळीस वर्षांच्या वयात मी स्वतःला पहिल्यांदा पाहिलं. जे मिटलंय ते आता उघडणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात खाज थांबली. घरी मांडी घालून जेवायला बसले आणि घास तसाच हातात धरून रडले.

नवऱ्याला सांगायच्या आधी मी तुमच्याकडे आले होते. तुम्ही निवृत्त झाला होतात, पण गावातल्या बायका अजूनही आधी तुमच्या ओट्यावर यायच्या आणि मग आमच्या केंद्रात. तुम्ही स्वयंपाकघरात लाखोरीची डाळ निवडत होतात. मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चित्र काढून सगळं सांगितलं. कातडी कशी पांढरी होते, काय काय झिजतं, थोड्या बायकांत पुढे कॅन्सर कसा होतो, म्हणून दरवर्षी दाखवायचं कसं. तुम्ही सुपातून मान वर केली नाही. फक्त एक विचारलंत.

'आन मंग लघवीची वाट पुरी बंद होते का?'

मी म्हटलं, आक्रसते, पण मलम लावलं की तिथेच थांबते. मला वाटलं, माझी काळजी करताय. म्हणून वर म्हटलं, 'माझं वेळेत कळलं, बाई, घाबरू नका.' तुम्ही म्हणालात, 'बरं झालं पोरी तुयं.' आणि परत डाळ निवडायला लागलात. त्या दिवशी तुम्हाला तुमच्या आजाराचं नाव कळलं. मला मात्र तुम्ही कळला नाहीत, ते कळायला तुमच्या आंघोळीचा दिवस उजाडावा लागला.

नुसतं गप्प राहिला असतात तर मी आज इतकी तापले नसते. पुढच्याच आठवड्यात तुम्ही हातपंपावर बायकांना सांगितलंत, 'त्या मॅडमची ट्यूब लावू नका वं. कातडी जळते त्यानं.' मी तावातावाने आले. तुमचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. आठवडी बाजारात ती तीन-तीन औषधं एकत्र केलेली ट्यूब मिळते, ती कशालाही चोळून बायकांच्या जांघा लालभडक झालेल्या आपण दोघींनी पाहिल्या होत्या. पण ते अंदाधुंद लावणं वेगळं, आणि पाहून, ओळखून, मोजून लावणं वेगळं. हे मी तुमच्या ओट्यावर उभी राहून समजावत होते. तुम्ही म्हणालात, 'मले नोको शिकवू. तुले मी शिकवलं.' मी म्हटलं, निदान बायकांना तपासू तरी द्या. 'माया बाया टेबलावर चढनार नाई. एक डाव पाह्यलं, पुरे झालं.'

ते 'एक डाव' मला माहीत होतं. नवीन होते तेव्हा जीपमधून परतताना तुम्हीच सांगितलं होतं. नसबंदीच्या शिबिरात एका डॉक्टर साहेबाने जंगलातल्या गावची एक बाई टेबलावर तशीच ठेवली, दार उघडं टाकून बाहेरच्यांशी बोलत राहिला. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. तुम्ही आपल्या अंगावरचा पांढरा कोट काढून तिच्यावर टाकलात आणि साहेबाच्या शिव्या खाल्ल्यात. ती बाई परत कधी दवाखान्यात आली नाही. हे ऐकलं तेव्हा मला तुमच्या पाया पडावंसं वाटलं होतं, आजही वाटतं. पण बाई, त्यावर उपाय दाराला कडी लावणं हा होता. तुम्ही पाहणंच बंद करून टाकलंत. त्या एकीची अब्रू राखायची म्हणून पुढच्या शेकडो बायकांना दारातून परत पाठवलंत, आणि त्याला सेवा म्हणत राहिलात.

पार्बताबाईचं तर तुम्हाला माहीत आहे. नाल्यापलीकडची. तिला मीच मॅडमकडे नेलं होतं, माझ्यासारखंच निघालं, मलम सुरू झालं, खाज कमी झाली. मग ती तुमच्या ओट्यावर आली आणि तुम्ही ट्यूब टाकायला लावलीत. मला तिने सांगितलं नाही, कारण बाईंचा शब्द मोडायचा कसा आणि सिस्टरला दुखवायचं कसं. दोन वर्षांनी आली ती न भरणारी जखम घेऊन. तुकडा तपासला, कॅन्सर निघाला. नागपूरला मी सोबत गेले. ऑपरेशन झालं, वाचली. अजून उशीशिवाय बसता येत नाही. मलम चालू असतं तर झालंच नसतं का, हे मी मॅडमना विचारलं. 'खात्रीने सांगता येत नाही,' म्हणाल्या, 'पण इतकं वाढायच्या आत नक्की कळलं असतं.' मी ते जसंच्या तसं तुमच्यापर्यंत पोचवलं. तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत, असं शेजारीण म्हणाली. पण तिच्या घरी गेला नाहीत. आणि तीच पार्बता तुमच्या तेरवीला पंगतीत भात वाढत होती. डोळे पुसत पुसत म्हणत होती, 'बाईसारखी बाई नाई भेटाची आता.' मला तिच्या हातातली परात हिसकून घ्यावीशी वाटली.

तुम्ही का केलंत असं? लाजेमुळे, असं कुणीही म्हणेल. मला नाही पटत. ज्या बाईने हजारो बाळंतपणं केली तिला शरीराची कसली लाज! तुम्हाला लाज होती ती चूक कबूल करायची. तुम्ही त्या टेबलावर चढला असतात तर इतक्या वर्षांची ती हिरवी पाकिटं एकदम चूक ठरली असती. त्यापेक्षा खाज सोसलेली बरी, असा तुम्ही हिशेब केलात. स्वतःपुरता केला असता तर तुमची मर्जी. दुसऱ्यांच्या अंगावर का केलात?

हे सगळं लिहितेय आणि तरी रोज सकाळी ओपीडीत पहिल्या बाईला हात लावायच्या आधी मी दोन्ही तळवे एकमेकांवर घासते. 'पह्यले आपले हात गरम कर, मंगच बाईले हात लाव,' हे तुमचं. पुराच्या पाण्यातून डोक्यावर औषधाची पेटी घेऊन नाला ओलांडायला तुम्ही शिकवलंत. पलीकडच्या गावांत बायकांशी त्यांच्या गोंडीत बोलायला शिकवलंत, म्हणून त्या आज माझ्याशी बोलतात. माझं पहिलं बाळ गेलं तेव्हा महिनाभर माझ्या घरी भाकरी तुम्ही थापल्यात. नुसत्या वाईट असतात तर किती सोपं झालं असतं, बाई. कोरडेपणाने आंघोळ घातली असती आणि घरी आले असते.

तेरवीच्या संध्याकाळी भांडी आवरताना वैशू माझ्याजवळ येऊन बसली. बसली ती एका बाजूवर कलून. मी विचारलं, काय होतंय? ती हसून म्हणाली, 'रोवणीची खाज आहे, रंजूताई. आई म्हने, आपल्या घरान्याचीच आहे ते. तिले बी होती.' रोवणी संपून चार महिने झाले होते.

मी पुढचं भांडं उचललं. आडोशाआड पाहिलेलं आडोशाआडच ठेवायचं, हेही तुमच्याकडूनच शिकलेली मी. तीन दिवस नुसती हो-नाही करत होते. कधी वाटायचं, जे तुम्ही जिवंतपणी कुणाला दाखवलं नाही ते मेल्यावर मी फोडायचं कसं. लगेच वैशूचं ते एका बाजूवर कलून बसणं डोळ्यांपुढे यायचं. ती छत्तीस वर्षांची आहे. शेवटी काल मी आरमोरीला गेले, तिच्या नवऱ्याला बाहेर पाठवलं आणि तिला सांगितलं. तुमच्या अंगावर काय पाहिलं ते सांगितलं, माझ्या अंगावर काय आहे तेही सांगितलं. तुमची गोष्ट फोडली मी. रागवायचं असेल तर खुशाल रागवा.

आज ती ग्रामीण रुग्णालयात आली. टेबलाजवळ घुटमळली, दाराला कडी आहे ना हे दोनदा पाहिलं. मी हात घासले. मॅडमनी तिला विचारून पाहिलं. तेच आहे, पण सुरुवातीचं. थोडी पांढरी कातडी, दोन भेगा, अजून काही मिटलेलं नाही. मलम लावत राहिली, दरवर्षी दाखवत राहिली तर आहे ते असंच राहील, असं मॅडम म्हणाल्या. वैशूने आरसा हातात घेतला आणि पुष्कळ वेळ पाहिलं.

मॅडम कागद लिहायला पलीकडच्या खोलीत गेल्या. साडी नीट करता करता वैशूने माझ्याकडे न पाहता विचारलं, 'रंजूताई, आईले हे माहीत होतं का?'

मला तुमचं सूप आठवलं, डाळ आठवली, तुम्ही विचारलेला तो एकच प्रश्न आठवला. पार्बता आठवली. खरं तोंडाशी आलं होतं, बाई, आणि ते बोलायचा मला पुरेपूर हक्क होता.

'नाही गं,' मी म्हटलं. 'त्यांना माहीत असतं तर त्यांनी तुला कधीच आणलं असतं.'

'हो नं,' ती म्हणाली. 'आईनं तं हात धरून आनलं असतं मले.' आणि तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा ती मोकळेपणी रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले.

ती आई तिच्याजवळ राहू दे. मी तुम्हाला माफ केलेलं नाही.